सळईवरचे चाळीस मिलिमीटर

पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. वाहतुकीला खुला होऊन त्याला जेमतेम दीड दशक झालं होतं. त्याच नदीच्या काठाने पणजीहून रायबंदरला जाणारा पोर्तुगीजांचा पूल मात्र १६३४ सालचा आहे आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. एक जांभ्या दगडाचा, दुसरा विसाव्या शतकातल्या प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा. ही जोडी सांगितली की ऐकणारा हमखास म्हणतो, "बघा, जुनं ते सोनं." महाराष्ट्रात याच जागी सिंधुदुर्गाचा तट येतो.

मला ही तुलना कधी पटली नाही. रायबंदरचा पूल म्हणजे दलदलीतून, पाय टेकायला जागा मिळेल तिथून जाणारा तीनेक किलोमीटरचा बांध आहे, मधे कमानी सोडलेला. नदीच्या मुख्य पात्रावरून, खालून बार्ज जातील इतक्या उंचीवर लांब गाळे टाकायचे तर तिथे जांभा उपयोगाचा नाही. कमानीतल्या दगडावर फक्त दाब येतो. तुळईच्या खालच्या अंगाला ताण येतो, आणि ताण सोसण्यात काँक्रीट फार कच्चं. जेवढा दाब ते सोसतं त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच ताण त्याला झेपतो. म्हणून आत पोलाद घालायचं. नेहरू पूल पडला तो काँक्रीट झिजलं म्हणून नव्हे, तर आतलं पोलाद खाऱ्या हवेत गंजलं म्हणून. जुन्या पुलात गंजण्यासारखं काही नव्हतंच.

आजच्या बांधकामात टिकाऊपणाचा प्रश्न हा बहुतांशी लोखंड झाकण्याचा प्रश्न आहे. सळईच्या बाहेर काँक्रीटचा जो थर राहतो त्याला साइटवर सगळे 'कव्हर' म्हणतात. चांगल्या कामात तो चाळीसेक मिलिमीटर, म्हणजे दोन बोटांहून थोडा जास्त. सिमेंटमध्ये जे जे नवं आलं, कोळशाची राख, पोलाद कारखान्यातला स्लॅग, आणि आता भाजलेली माती, त्या सगळ्याची खरी परीक्षा या थरात होते. आणि हाच थर कुणी नीट बघत नाही.

जुन्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये एक चाचणी मुद्दाम उभं राहून बघावी. खांबातून कोअर-कटरने काँक्रीटचा दंडगोल काढतात, धूळ पुसतात आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. शाळेच्या प्रयोगशाळेतलंच ते. दंडगोलाचा आतला भाग बघता बघता गडद गुलाबी होतो. बाहेरची कड मात्र होती तशी राखाडी राहते. गुलाबी आणि राखाडीच्या मधे रेघ दिसते, ती पट्टी लावून मोजता येते. तेवढं खोल हवेतलं आम्ल शिरलेलं असतं.

सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना मोकळा होतो, त्यामुळे ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी परिसरात पोलादावर ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा धरतो आणि तोच सळईला सांभाळतो. रंग, ग्रीस, काही लागत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपत राहतो, चुन्याशी संयोग पावून त्याची पुन्हा चुनखडी करतो, आणि पीएच नऊच्या खाली येतो. ही सीमा सळईपाशी पोचली की पापुद्रा सुटतो. पुढचं काम ओल आणि ऑक्सिजन करतात. गंज मूळ पोलादापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. ती जागा कव्हर फोडूनच मिळते. आधी सळईच्या रेषेत केसासारखी भेग, मग पोपडा, मग एके दिवशी गॅलरीतून खाली पडलेला ढलपा.

या झिरपण्याचा एक नियम आहे आणि तो घर घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा. आम्ल किती खोल गेलं ते काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. समजा एखाद्या काँक्रीटमध्ये २० मिलिमीटर खोल जायला ३० वर्षं लागली. त्याच काँक्रीटचं कव्हर ४० मिलिमीटर असतं तर १२० वर्षं लागली असती. आणि मिस्त्रीच्या हयगयीने ते १० च राहिलं असेल, तर साडेसात वर्षं पुरतात. कव्हर निम्मं झालं की आयुष्य निम्मं होत नाही, पाव होतं.

समुद्रकाठी दुसरा शत्रू असतो, मीठ. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की काँक्रीट गुलाबी असलं तरी ते पापुद्र्याला भोक पाडतं. मुंबईत आणि कोकणपट्टीत दोन्ही गोष्टी एकदम चालू असतात.

मुंबई-ठाण्यात १९७० आणि ८० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींवर आज सगळीकडे पराती बांधलेल्या दिसतात. त्या काळाला जबाबदार धरणं सोपं आहे, पण तो काळ कसा होता तेही बघायला हवं. सिमेंट परमिटवर मिळायचं. १९८२ मध्ये तर सिमेंट वाटपाच्या वादातून राज्याचा मुख्यमंत्री बदलला. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. टंचाईत माल पातळ व्हायचा. रेती खाडीची, तिच्यात मीठ. पाणी बोअरचं, तेही मचूळ. काँक्रीट घमेल्याने चढवायचं, ते सहज ओतलं जावं म्हणून वर बादलीभर पाणी जास्त. १९७८ ची भारतीय संहिता साध्या स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर चालवून घेत असे, आणि ते १५ राखायला सळईखाली खडीचा तुकडा किंवा फरशीची कपची सरकवली जायची. काँक्रीट ओतताना माणसं सळयांच्या जाळीवरूनच चालत. कपची निसटली की सळई थेट फळीला टेकायची. त्यात तेव्हाची पीळ दिलेली टॉर सळई. पीळ देताना तिच्या अंगात ताण राहून जायचा आणि गंज तिला लवकर धरायचा. ठाणे खाडीवरचा पहिला पूल याच पिढीतला. त्याच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या तारा गंजल्या, जड वाहनं बंद करावी लागली आणि शेजारी १९९७ मध्ये दुसरा पूल आला.

आता मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचं आहे. ऑडिट होतं, दुरुस्ती होते, आणि तीन-चार वर्षांनी दुरुस्त केलेल्या तुकड्याच्या अगदी शेजारी नवा पोपडा सुटतो. सोसायटीच्या सभेत मग ठेकेदाराचा उद्धार होतो. पुष्कळदा तो योग्यच असतो. पण इथे एक रासायनिक खोडी आहे. मीठ शिरलेल्या जुन्या काँक्रीटमध्ये मधेच ताज्या पॉलिमर-मॉर्टरचा तुकडा भरला की त्या तुकड्यातली सळई सुरक्षित होते आणि शेजारची तिच्या वाटचाही गंज ओढून घेते. पूर्वी गंजणारी जागा शेजारच्या सळईला नकळत वाचवत होती. ती बुजवल्यावर पाळी शेजारची येते. म्हणून नुसतं सुटलेलं तोडून भरायचं नसतं, बऱ्या दिसणाऱ्या भागातही मीठ कुठवर आहे ते तपासून मागे जावं लागतं. त्याला पैसे लागतात, आणि सोसायटीत सगळ्यात कमी रकमेचं कोटेशन पास होतं.

हे झालं जुन्याचं. नव्या बांधकामात माल सुधारला, यात शंका नाही. रेडी-मिक्स प्लँटवर वजन करून मिश्रण होतं, खडीच्या तुकड्याऐवजी तयार कव्हर ब्लॉक आले, खाडीच्या रेतीची जागा बेसाल्टच्या क्रश सँडने घेतली. २००० सालच्या संहितेने समुद्रकाठच्या हवेसाठी कव्हर ४५ मिलिमीटर केलं आणि पाण्याचं प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पट एवढ्यावर बांधलं. पण विकत घेताना आपण अजूनही एकच गोष्ट विचारतो: ताकद किती?

सिमेंटच्या दुकानात गिऱ्हाईक '५३ ग्रेड' मागतं. ५३ म्हणजे त्या सिमेंटच्या मॉर्टरचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन दाब सोसतो. आकडा मोठा म्हणजे सिमेंट भारी, असा हिशेब. खरं तर आकडा लवकर गाठायला सिमेंट जास्त बारीक दळलेलं असतं, ते झपाट्याने तापतं, आणि पाणी कमी पडलं तर झपाट्याने तडकतंही. काँक्रीटचंही तेच. साइटवर दीडशे मिलिमीटरचे ठोकळे भरतात आणि २८ दिवसांनी दाबून फोडतात. आकडा आला की फाइल बंद. गंमत अशी की हा क्यूब अठ्ठावीस दिवस लाडाकोडात, २७ अंश तापमानाच्या पाण्याच्या टाकीत बुडालेला असतो. ज्या स्लॅबच्या नावाने तो पास होतो तो स्लॅब एप्रिलच्या उन्हात उघडा. क्यूब सांगतो तो प्लँटवरून आलेल्या मालाचा गुण. कव्हरचं पुढे काय झालं ते त्याला ठाऊक नसतं.

कव्हरबद्दल विचारणारी चाचणी आहे. काँक्रीटची ५० मिलिमीटर जाडीची चकती घ्यायची, एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला सोडियम हायड्रॉक्साइड, आणि सहा तास ६० व्होल्टचा दाब. चकतीतून किती विद्युतभार गेला तो कूलॉममध्ये मोजायचा. चार हजारांच्या वर गेला तर मीठ सहज शिरणार. हजाराच्या खाली असेल तर त्याला वाट सापडणं कठीण. मोठ्या पुलांच्या आणि मेट्रोच्या निविदांत ही अट असते. सदनिकांच्या जाहिरातीत इटालियन मार्बल असतो, जिम असते, कूलॉमचा आकडा मी अजून पाहिलेला नाही.

तो आकडा खाली आणणारी एक वस्तू औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीआधी मिळते. कोळसा जळाल्यावर धुरातली राख विद्युतभारित पट्ट्यांवर धरतात. ती पिठासारखी बारीक असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण गुळगुळीत गोल दिसतात. या राखेतली सिलिका सिमेंटमधून मोकळ्या झालेल्या चुन्याशी सावकाश संयोग पावते आणि काँक्रीटची छिद्रं बुजवत जाते. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के चालते. नाशिकजवळच्या एकलहरे केंद्राची राख प्रतवारी करून बाजारात आली, वांद्रे-वरळी सागरी सेतूसारख्या कामांच्या काँक्रीटमध्ये राखेला मानाचं स्थान मिळालं. तरी गवंड्यांमध्ये 'राखेचं सिमेंट' हा शब्द अजून नाक मुरडूनच उच्चारला जातो. एक फरक मात्र गवंड्यांच्या बाजूने नोंदवायला हवा: पट्ट्यांवरची कोरडी राख वेगळी आणि पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडलेली राख वेगळी. दुसरी भरावाला ठीक, सिमेंटात नाही. स्लॅगचंही असंच. रायगडमधल्या डोळवीसारख्या ठिकाणी झोतभट्टीतून निघणारा स्लॅग दळून सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत घालता येतो, आणि खाऱ्या पाण्याला तो विशेष दाद देत नाही.

पण या दोन्ही वस्तू दुसऱ्या कुणाच्या उद्योगाची उष्टी आहेत. कोळशाची केंद्रं आज ना उद्या कमी होणार, झोतभट्ट्याही बदलणार. आणि सिमेंटची अडचण तर वाढतेच आहे. चुनखडी १,४५० अंशांना भाजून क्लिंकर होतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो, जळणाचा वेगळा. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, आणि सिमेंट उत्पादनात चीनच्या पाठोपाठ आपला नंबर लागतो.

इथे भाजलेली माती येते. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल या संस्थेतल्या कॅरन स्क्रिव्हनर, क्यूबातले फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्या दिल्ली, मद्रास, मुंबईच्या आयआयटी यांनी मिळून जे सिमेंट सिद्ध केलं त्याला एलसी३ म्हणतात. निम्मा क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, ५ टक्के जिप्सम. माती साधारण ८०० अंशांनाच भाजते, आणि भाजताना तिच्यातून निघते ती पाण्याची वाफ. जळण वाचतं, दगडातला कार्बन दगडातच राहतो. उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी उतरतं. त्यासाठी चिनी मातीच्या कारखान्याला लागते तशी पांढरीशुभ्र माती नको. केओलिनचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असलं की भागतं. सिरॅमिकवाले जी टाकून देतात ती चालते. कच्छ आणि राजस्थानात अशा मातीचे ढीग आहेत, सिंधुदुर्गातही चिनी मातीच्या खाणी आहेत. चुनखडीही हलक्या प्रतीची चालते. झाशीला नमुन्याचं घर झालं, दिल्लीच्या स्विस दूतावासाच्या इमारतीत हे सिमेंट वापरलं गेलं, आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याचं स्वतंत्र मानक काढलं.

आपल्याकडच्या जुन्या इंजिनिअरांना यात नवल वाटलं नसतं. विटा कुटून केलेली सुरखी चुन्यात घालायची पद्धत इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. १८९५ मध्ये पुरं झालेलं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीतच बांधलेलं आहे. सुरखी म्हणजे भाजलेली मातीच. फरक तापमानाच्या काटेकोरपणाचा आणि चुनखडीच्या जोडीचा. त्या जोडीतून जे नवे क्षार तयार होतात ते छिद्रं इतकी बारीक करतात की मिठाच्या चाचणीत एलसी३ साध्या सिमेंटला फार मागे टाकतं.

मात्र कौतुकात एक गोष्ट दडवली जाते. राख असो, स्लॅग असो की माती, हे सगळे पदार्थ काँक्रीटमधला मोकळा चुना वापरून घेतात. चुना कमी राहिला की हवेतल्या आम्लाला अडवायला दारूगोळा कमी. त्यामुळे मिठापुढे पहिलवान असलेलं हे काँक्रीट कार्बन डायऑक्साइडपुढे साध्या सिमेंटपेक्षा थोडं कमजोर ठरतं. वेंगुर्ल्यात ते उत्तम. सोलापुरात त्याच्यापासून काम करून घ्यायचं तर छिद्रं बुजेपर्यंत त्याला ओलं ठेवावं लागतं. शिवाय माती पाणी जास्त ओढते, चांगलं रसायन घातल्याशिवाय माल पसरत नाही. आणि मातीत लोह असेल तर सिमेंटला लालसर झाक येते. सिमेंट राखाडीच असलं पाहिजे हा ग्राहकाचा हट्ट. तो पुरवायला भट्टीतून निघालेली माती वेगळ्या पद्धतीने थंड करावी लागते. घरावर शेवटी रंग लावायचाच आहे, तरीही.

तर, ओलं ठेवणं, म्हणजे क्युरिंग. २००० ची संहिता साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी सांगते, मिश्र सिमेंटला १०, आणि ते १४ पर्यंत न्यावं असं सुचवते. पाणी कमी पडलं तर खांबाच्या गाभ्याला फारसं काही होत नाही; आतली ओल आतच असते. वाळते ती साल, म्हणजे तेच चाळीस मिलिमीटर. सावकाश काम करणाऱ्या पदार्थांचं काम तिथे अर्ध्यात थांबतं. क्यूब पास, आणि कव्हर चाळणी.

हिंजवडीच्या पुढच्या एका साइटवर एप्रिलमध्ये गेलो होतो. स्लॅबवर मॉर्टरची आळी करून पाणी भरलेलं होतं, ते झकास. खांबांना गोणपाट गुंडाळलेलं होतं. हात लावला तर कोरडं ठणठणीत. मिस्त्री उदगीरकडचे, पंचवीस वर्षं याच कामात.

"पाणी मारायला माणूस नाही का, मामा?"

"हाय की. पण त्योच लिफ्टचंबी बघतो."

"मग खांबांचं?"

"स्लॅबचं पानी दिसतंय वरनं, खांबाचं कोन बघतंय? पुन्हा उभ्या अंगावर पानी थांबतंय व्हय? घंट्या-घंट्याला मारावं लागतंय." थोडं थांबून म्हणाले, "टँकर येतो सकाळचा. दुपारनं संपतो."

मामांचं म्हणणं शब्दशः खरं आहे, आणि आता तर सगळं बांधकामच उभ्या अंगाचं होत चाललंय. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला सगळे मायवन म्हणतात, खांब-भिंती-स्लॅब एकदम ओततात. विटा नाहीत, जागा वाचते, आठवड्याला मजला चढतो. साचा दुसऱ्या दिवशी निघतो आणि पंचवीस मजल्यांवर वाऱ्यात उघड्या पडलेल्या त्या भिंतींवर पाणी कसं टिकवायचं, हा प्रश्न उरतो. त्यावर मेणासारखं क्युरिंग कंपाउंड फवारतात. एकसारखं आणि साचा काढल्या काढल्या फवारलं तर ते बरंच काम करतं. दोन दिवसांनी, उरकून टाकल्यासारखं फवारलं तर भिंतीला फक्त चकाकी येते.

याच्या मुळाशी हिशेबाची एक ओळ आहे. ठेक्याच्या दरपत्रकात काँक्रीटच्या दरापुढे लिहिलेलं असतं: साचा वगळून, कॉम्पॅक्शन व क्युरिंगसह. सळईचं बिल टनाने निघतं, साच्याचं चौरस मीटरने, काँक्रीटचं घनमीटरने. पाण्याचं वेगळं बिल नाही, त्यामुळे पाणी न मारल्याची वजावटही नाही. चौदाव्या दिवशी मारलेलं पाणी ठेकेदाराच्या खिशातून जातं आणि त्याचा फायदा तीस वर्षांनी तिथे राहणाऱ्याला होतो. क्युरिंग दर चौरस मीटर, दर दिवस अशी स्वतंत्र बाब करून नोंदवहीवर सही घेऊन पैसे द्यायचे, एवढा बदल करायला ना नवं सिमेंट लागतं ना नवं मानक. पाणी मारणाऱ्या माणसाला मग लिफ्ट बघायला सांगणं ठेकेदाराला परवडणार नाही. एलसी३ च्या गोण्या गावोगावच्या दुकानांत पोचायला अजून वेळ आहे. दरपत्रकातली ही ओळ पुढच्या निविदेतसुद्धा बदलता येईल.